आहाराचा सल्ला आणि त्याचे प्रमाण

घरात बाळंतीण असली म्हणजे तिच्या ताटाविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांस आपोआप प्राप्त होतो. सासूबाई डिंकाचे लाडू पुढे करितात, आत्याबाई भाजी वर्ज्य म्हणून सांगतात, आणि शहरातून आलेले जावईबापू मोबाइलमध्ये पाहून तिसरेच काही सुचवितात. सून बिचारी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताने जेवते. हाच गोंधळ आहारतज्ज्ञांतही असला तर रोग्याने कोणाकडे पाहावे? म्हणून त्यांचा सल्ला कोणत्या आधारावर उभा असावा, याविषयी या वेळी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

चरकसंहितेत परीक्षेची साधने चार सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति. आधुनिक पद्धतीत मात्र एकट्या तज्ज्ञाचे मत, मग तो कितीही थोर असो, सर्वांत खालच्या पायरीवर बसते. त्याच्या वर पुष्कळ लोकांची वर्षानुवर्षे केलेली पाहणी, आणि तिच्याही वर चिठ्ठ्या टाकून सारखे गट पाडून केलेले प्रयोग. अनुकूल व प्रतिकूल असे सर्व प्रयोग गोळा करून तोलावयाचे, मग सल्ला लिहावयाचा, आणि त्याचा पुरावा भक्कम की तोकडा हे त्यापुढेच नमूद करावयाचे. हे शेवटचे कलम मला विशेष आवडते. शास्त्र्यांच्या सभेतही ते असते तर पुष्कळ वाद वाचले असते!

आपल्याकडे या कामाचा पाया १९१८ साली कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी एका खोलीत घातला. आपल्या कमलाबाई सोहोनी काही काळ त्याच प्रयोगशाळेत होत्या. पुढे ती संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिने भारतीयांकरिता आहाराची मार्गदर्शिका १९९८ साली काढिली, २०११ साली सुधारली, आणि २०२४ साली सतरा कलमांनिशी पुन्हा प्रसिद्ध केली.

वारंवार सुधारावयाचे कारण काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर असा समज होता की, गरिबांच्या मुलांत उणीव मुख्यतः प्रथिनांची. मोठमोठ्या योजना त्यावर उभारल्या गेल्या. हैदराबादेस गोपालन यांनी मुलांच्या आहाराच्या पाहण्या तपासून दाखविले की, ही मुले जो भात-डाळ खातात तोच त्यांस पोटभर मिळता तर बहुतेकांची प्रथिनांची गरज भागली असती. खरी तूट एकंदर अन्नाची. आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आकड्यांवरून तेच प्रतिपादिले. १९७३ साली जागतिक संस्थांनी प्रथिनांचे प्रमाण खाली आणिले. गंमत अशी की, पुढे उपासमार मोजावी कशी या प्रश्नावर त्याच सुखात्म्यांशी वि. म. दांडेकर व स्वतः गोपालन यांचा कडाक्याचा वाद झाला. एकाच पंडिताचे एक मत ग्राह्य ठरते व दुसरे पुन्हा तपासावे लागते, ते असे.

आता आमच्या डोळखांबकडे या. येथल्या डोंगरउतारावर नाचणी व वरी होते. कोष्टक सांगते की, शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. परंतु धान्यात असणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. नाचणीतीलच काही द्रव्ये त्यास अडवितात. कोष्टकावरून परभारे सल्ला देणारा येथे फसतो.

दुसरे असे की, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. हा आकडा कोणाच्या लहरीचा नव्हे. त्याखाली मृत्यूचे भय किती वाढते हे पाहून तो ठरला आहे. अशा मुलास भूक राहिली आहे काय, ताप किंवा सूज आहे काय, हे आधी पाहावे लागते. भूक नसल्यास, अथवा ताप किंवा सूज असल्यास रुग्णालय गाठावे, घरच्या पेजेवर विसंबू नये.

नुसते अशक्त मूल असेल तर पेज घट्ट करावी, तीत चमचाभर तेल घालावे, आणि दिवसातून अनेकदा थोडीथोडी द्यावी. कारण लहान पोटात पातळ पेज मावते किती? मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईस हे दिवसातून पाच वेळा कोणी करून द्यावे, याचे उत्तर हैदराबादच्या ग्रंथात असणार नाही. ते अंगणवाडीच्या बाईंनी, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनी एकत्र बसून, भट्टीच्या कामाच्या वेळा विचारून लिहावयाचे आहे.