येरळेवरची रेघ निसर्गाची नव्हे

१/ येरळा खटावच्या डोंगरांत उगम पावते, वडूजवरून दक्षिणेस वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. खोरे एकच. तरीही वरचे पाणी साताऱ्याचे आणि खालचे सांगलीचे, असा वाद घातला जातो. जणू ही हद्द निसर्गानेच आखली!

२/ ती आखली दप्तरांनी. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक वारस नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा केले. वडूज इंग्रजी मुलखात गेले. शेजारचे औंध पंतप्रतिनिधींकडे राहिले. त्याच संस्थानाचे कुंडल दूर दक्षिणेस, आटपाडी पूर्वेस. नदीचा विचार कुठेच नव्हता.

३/ लोकांनी मात्र या हद्दीलाच हत्यार केले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवरील मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. पुढे प्रतिसरकारच्या भूमिगतांना औंध संस्थानाच्या मुलखात आसरा मिळाला.

४/ स्वराज्यात काय झाले? १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण सातारा वेगळे झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. नदी पुन्हा दोन दप्तरांत वाटली गेली.

५/ कारभाराच्या सोयीची रेघ पाण्याचा न्याय ठरवू शकत नाही. खटावची तहान आणि तासगावची तहान एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. येरळेचा हिशेब उगमापासून संगमापर्यंत एकाच वहीत मांडला गेला पाहिजे.