बाळंतिणीची खोली

वडीगोद्रीकडील माळवदाच्या जुन्या घरांतून बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारी कोठडी, बुजविलेला झरोका आणि पेटती शेगडी, अशीच समजूत. आणि तीस शास्त्राचा आधार सांगतात. शास्त्र मात्र निराळें बोलतें. नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध करावें, असें चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, ८ व्या अध्यायांत, सांगितलें आहे. बालकाच्या खोलींत अंधार नसावा. वाऱ्याचा झोत अंगावर न यावा, परंतु एका बाजूनें हवा खेळावी. उंदीर व पतंग शिरूं नयेत. अंथरूण मऊ, हलकें व स्वच्छ असावें. मळलेलें पुन्हां वापरणें प्राप्तच झालें, तर धुऊन, धुपवून, पूर्ण वाळवूनच घ्यावें. खेळणीं टोकदार वा तोंडांत जातील इतकीं लहान नसावींत.

बंद खोलींतील कोळशाच्या शेगडीपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास वास नसल्यामुळें तो अधिकच घातक. बाळास ऊब हवी ती आईच्या कुशींत व कोरड्या दुपट्यांत मिळते.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, पाळणा टांगण्यापूर्वीं झरोका मोकळा करावा. वडीलधाऱ्यांनीं शंका घेतल्यास घरांतील कर्त्या पुरुषानें त्यांस चरक वाचून दाखवावा. त्या वादाचें ओझें बाळंतिणीवर टाकूं नये.