गेटचा निकाल आणि घरातील माणसे

मार्च महिन्यात आपल्या गावांतील काही घरे एकाएकी अबोल होतात. तो निकाल शालान्त परीक्षेचा नसतो, बारावीचाही नसतो. ज्या परीक्षेचे नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना धड ठाऊक नाही, अशा एका परीक्षेचा तो निकाल असतो. अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अथवा शेवटच्या वर्षात शिकत असलेले मूल ‘गेट’ या परीक्षेस बसलेले असते. वर्षभर अभ्यास झालेला असतो आणि हाती आलेला आकडा मात्र अपेक्षेहून पुष्कळच कमी असतो. आई जेवावयास हाक मारते. भूक नाही, असे उत्तर येते. वडिलांना धीर द्यावयाचा असतो, पण शब्द सुचत नाहीत. कारण हा आकडा कितपत वाईट आहे हेच त्यांना उमगलेले नसते. अशा घरांसाठी आजचे हे चार शब्द आहेत.

प्रथम ही परीक्षा कशी असते ते पाहू. अभियांत्रिकी व विज्ञान या शाखांतील पदव्युत्तर शिक्षणासाठी ती दरवर्षी फेब्रुवारीत घेतली जाते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास व रुडकी येथील आयआयटी या आठ संस्था पाळीपाळीने तिची जबाबदारी घेतात. तीन तास, ६५ प्रश्न आणि १०० गुण असा तिचा साचा आहे. त्यांतील १५ गुण भाषा, साधे गणित व तर्क यांचे असतात. बहुतेक अभियांत्रिकी विषयांत आणखी सुमारे १३ गुण गणिताचे असतात, आणि उरलेले ७२ त्या त्या विषयाचे.

शाळेत ३५ गुणांना उत्तीर्ण म्हणतात, हे आपल्या मनात इतके खोल रुजलेले आहे की, १०० पैकी ३० किंवा ४० हा आकडा ऐकताच आपला चेहरा उतरतो. येथे मात्र तो हिशेब चालत नाही. खुल्या गटाची पात्रतेची रेषा अशी काढली जाते: त्या विषयास बसलेल्या सर्वांच्या गुणांची सरासरी घ्यावयाची, तिच्यात गुणांच्या विखुरलेपणाचे एक माप मिळवावयाचे, आणि येणारी संख्या २५ हून कमी असल्यास २५ च धरावयाचे. इतर मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी या रेषेच्या नऊ दशांश, तर अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांच्यासाठी दोन तृतीयांश गुण पुरतात. रेषा सरासरीच्या वर असल्यामुळे, परीक्षेस बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य तिच्या खालीच राहतात. २०२३ साली पाच लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले. त्यांतील पाचांत एक इतकेही पात्र ठरले नाहीत. आपल्या मुलाच्या सोबतीला केवढा मोठा समुदाय आहे, हे यावरून ध्यानी यावे.

गुणपत्रिकेवर गुणांखेरीज ‘स्कोअर’ नावाचा दुसरा आकडा असतो. तो १००० पैकी असतो. पात्रतेच्या रेषेवरील विद्यार्थ्यास ३५० आणि अगदी वरच्या मोजक्या विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांस ९०० असे धरून मधले सर्व त्या प्रमाणात बसविले जातात. समजा, एखाद्या विषयात पात्रतेचे गुण ३० आणि वरच्यांची सरासरी ८० आहे. मग ४० गुण मिळविणाऱ्याचा स्कोअर ४६० होतो. पुढच्या वर्षी प्रश्नपत्रिका सोपी निघाली, पात्रता ३५ वर व वरची सरासरी ८५ वर गेली, तर त्याच ४० गुणांचा स्कोअर ४०५ भरेल. मुलाचे ज्ञान तेवढेच. बदलले ते त्याच्या भोवतीचे विद्यार्थी आणि प्रश्न. स्कोअर म्हणजे एका दिवशीच्या रांगेतील आपली जागा होय. त्या रांगेची माहिती तो चोख देतो. मूल बुद्धिमान आहे काय, ते चांगला अभियंता होईल काय, त्याच्यावर खर्च केलेला पैसा वाया गेला काय, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्या आकड्यात नाहीत. आणि जे त्यात नाही ते त्याला विचारू नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. ‘पात्र’ ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पात्र ठरला म्हणून वडिलांनी पेढे वाटावेत आणि जुलैत कोठेच जागा मिळाली नाही म्हणून त्याच मुलाने लोकांचे तोंड चुकवीत हिंडावे, असे घडते. मुलाने काही फसविलेले नसते. शब्दाचा अर्थ घरात कोणी विचारलेला नसतो, एवढेच.

आता निकालानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांविषयी. या दिवसांत घरातील माणसे जे बोलतात ते मुलांच्या मनात वर्षानुवर्षे राहते. “आम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकविले” हे वाक्य खरे असते, पण त्या दिवशी ते बोलू नये. मुलाला ते पाठ असते. कित्येकदा त्याच्या दुःखाचे मूळ तेच असते. “अमक्याच्या मुलाला किती पडले?” हेही विचारू नये. जगातील थोर माणसे कशी नापास झाली होती याच्या गोष्टीही त्या दिवसांत फार उपयोगी पडत नाहीत, कारण ऐकणाऱ्याला आपण थोर नाही एवढेच तेव्हा दिसत असते. त्यापेक्षा वेळेवर जेवावयास बसवावे, बागायतीत किंवा बाजारात बरोबर न्यावे, आणि मूल बोलू लागले की मधे न बोलता ऐकावे. पाहुणे चौकशी करू लागले तर उत्तर आईवडिलांनी द्यावे: “निकाल लागला आहे, पुढचे आम्ही मिळून ठरवीत आहोत.” एवढ्या वाक्याने मुलाच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच लिहिली पाहिजे. मुलाचा स्कोअर कमी आला तर घरात म्हणतात, “पुन्हा बस.” मुलीचा कमी आला तर म्हणतात, “झाले तेवढे पुरे, आता स्थळे पाहू.” आकडा दोघांचा एकच असतो, निर्णय मात्र निरनिराळे होतात. अशा वेळी मुलीचे शिक्षण त्या परीक्षेने थांबविलेले नसते, ते आपण थांबवीत असतो. परीक्षेचे केवळ निमित्त होते. ज्या घरात मुलाला दुसरी संधी देण्याची ऐपत आहे, त्या घरात मुलीलाही ती देण्याची ऐपत आहे. विवाहाचा विचार करावयाचा तर तो तिच्या संमतीने, त्याच्या वेळी व्हावा. कमी गुणांची शिक्षा म्हणून कोणाचाही विवाह होऊ नये.

बहुतेक मुले पंधरवड्यात सावरतात. काहींना ते जमत नाही. झोप पार उडणे, जेवण तुटणे, खोलीबाहेर न येणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, “मी नसतो तर तुम्हांला बरे झाले असते” अशा अर्थाचे काही बोलणे, ही लक्षणे दिसली तर त्यांना लाड किंवा नाटक समजू नये. मुलाला एकटे ठेवू नये, त्याला सरळ व शांतपणे विचारावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. तेथे फोन करण्यात घराण्याची कोणतीही नाचक्की नाही. परीक्षा दरवर्षी येते. आपल्या घरातले मूल एकदाच येते.

मन थोडे स्थिरावले की कामास लागावे, आणि लवकर लागावे. कारण निकाल मार्चमध्ये लागतो व प्रवेशाचे अर्ज लगेच सुरू होतात. दुःखात महिना गेला तर मिळण्याजोगी जागाही मुदत टळल्यामुळे हातची जाते. आयआयटींकडे अर्ज ज्या त्या संस्थेकडे वेगळा करावा लागतो. एनआयटींसाठी एकच सामाईक प्रवेशप्रक्रिया असून तिच्या अनेक फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत नाव नसले तरी पुढच्या फेऱ्यांत रांग सरकते. पसंतीचे विषय व संस्था भरताना केवळ नावाजलेल्या ठिकाणांचाच आग्रह धरू नये. आपल्या लोकांच्या वस्तीच्या आसपासच पाहा: गोव्यात आयआयटी आणि एनआयटी दोन्ही आहेत, बेळगावकरांना धारवाडची आयआयटी जवळ आहे, इंदूर व हैदराबाद येथेही आयआयटी आहेत. एकाच संस्थेतही एका शाखेची जागा ज्या स्कोअरला मिळत नाही, त्याच स्कोअरला दुसऱ्या शाखेची मिळू शकते. मागील वर्षी कोणत्या स्कोअरपर्यंत प्रवेश झाले याच्या याद्या जाहीर असतात. त्या समोर ठेवून मग यादी भरावी.

गेट हेच एकमेव दार नव्हे. कर्नाटकात एम.टेक.साठी पीजीसीईटी आणि तेलंगणात पीजीईसीईटी अशा राज्यांच्या स्वतंत्र परीक्षा आहेत. ज्यांचे गेट हुकले तेही त्या मार्गाने जाऊ शकतात. मात्र गेटच्या आधारे शासकीय अनुदानित संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती, जी गेली काही वर्षे दरमहा १२,४०० रुपये अशी चालत आली आहे, ती सर्वच मार्गांनी मिळेल असे नाही. गरीब घराने प्रवेश घेण्यापूर्वी हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. नोकरी मिळत असेल तर तीही कमीपणाची गोष्ट नाही. प्रवेशासाठी गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे दोन वर्षे कारखान्यात अनुभव घेऊन मग शिकावयास जाणे शक्य असते. सरकारी उपक्रमांतील भरतीसाठी मात्र बहुधा त्याच वर्षाचा स्कोअर लागतो.

पुन्हा बसावे काय? या परीक्षेस वयाची अट नाही, किती वेळा बसावे यालाही मर्यादा नाही. म्हणूनच मर्यादा घराने घालावी लागते. नाही तर एकाची दोन, दोनाची चार वर्षे होतात आणि ऐन उमेदीचा काळ खोलीत सरतो. निर्णय मनाच्या लहरीवर न घेता मुलाच्या स्वतःच्या उत्तरांवरून घ्यावा. परीक्षार्थीने दिलेली उत्तरे आणि अधिकृत उत्तरसूची दोन्ही पाहावयास मिळतात. ती समोर ठेवून चुकलेल्या व सोडलेल्या प्रश्नांचे तीन गट करावेत: विषयच ठाऊक नव्हता असे, ठाऊक असून घाईने किंवा आकडेमोडीत चुकलेले, आणि अंदाजाने ठोकून दिलेले. तिसऱ्या गटाकडे नीट पाहावे. पर्यायी प्रश्नात एका गुणाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश गुण आणि दोन गुणांचे चुकले तर दोन तृतीयांश गुण वजा होतो. दोन गुणांचे नऊ प्रश्न चुकले की कमावलेल्यांतील सहा गुण गेले! चार पर्यायांतून डोळे मिटून निवडण्यात सरासरीने लाभ शून्य असतो. उलट संख्या भरावयाच्या आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना उणे गुण नाहीत. ते कोरे सोडण्यात काही शहाणपण नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या गटात बरेच गुण सांडलेले दिसले तर एक वर्ष आणखी देणे योग्य ठरेल. पहिलाच गट मोठा असेल तर मुलाला त्या विषयाची खरोखर आवड आहे काय, हे प्रेमाने विचारावे. आवड असेल तर पाया पुन्हा घालावा. नसेल तर दुसरी वाट धरण्यात पराभव नाही. पुन्हा बसावयाचे ठरले तरी महागड्या शिकवणीसाठी पुन्हा कर्ज काढू नये. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर विनामूल्य ऐकता येतात, जुन्या प्रश्नपत्रिकाही तशाच मिळतात. शक्य तर एखादी नोकरी किंवा शिकवणी सांभाळून अभ्यास करावा. घरात चार पैसे येतात आणि दिवसाला वळण राहते.

हे सर्व ठरविण्यासाठी एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. वडिलांनी पैशाची खरी स्थिती सांगावी, लपवू नये. आईने तिला काय वाटते ते सांगावे. मुलाने किंवा मुलीने स्वतःची इच्छा सांगावी, आणि ती सर्वांत शेवटी नव्हे तर सर्वांत आधी ऐकली जावी. अर्ज कोठे करावयाचे, पुन्हा बसावयाचे असल्यास किती वेळा, आणि त्यानंतर काय, ही तीन उत्तरे एका कागदावर लिहून ठेवावीत. निकालाचा कागद ज्या कपाटात ठेवाल, त्याच कपाटात हाही कागद ठेवावा.