कार्डे विकली किती, चालतात किती?

कचारगडच्या डोंगराखालच्या धनेगाव-दरेकसा पट्ट्यात मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ई-पीक पाहणी फोनवरूनच करायची. तिची नोंद सातबारावर नसेल तर धान खरेदी केंद्रावर अडचण. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायचा तर नेटवर्क पाहिजे. त्यामुळे भारत संचार निगमाचे ग्राहक नेमके किती, हा प्रश्न दिल्लीतल्या साहेबलोकांपुरता नाही. जंगलातल्या टॉवरच्या बॅटऱ्या बदलणे परवडते की नाही, हा हिशोब शेवटी ग्राहकांपाशीच येतो.

निगमाचा आकडा मोठा आहे. देशभरात मोबाईलचे नऊ कोटींच्या आसपास ग्राहक. पण निगमात खाली राबणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून फारसा आनंद होत नाही, आणि त्याला कारण आहे. मेळावा भरवून कार्डे खपवायला बसतो तो हाच, आणि सहा महिन्यांनी त्यातली किती कार्डे बंद पडली हेही त्यालाच दिसते. खासगी कंपन्या फोर-जीवर पैसा कमावत होत्या, तेव्हा निगम टू-जी, थ्री-जीवर रखडला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्मचारी संघटनांनी तीन दिवसांचा संप केला, त्यात पगारासोबत फोर-जी स्पेक्ट्रमचीही मागणी होती. ग्राहक हातचे जात आहेत, असे घरचीच माणसे ओरडून सांगत होती. त्याच महिन्याचा पगारही उशिरा झाला.

आता हा संशय खरा की खोटा, हे तपासायला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, दर महिन्याला दोन आकडे छापते. एक, कंपनीच्या वहीत नोंदलेले ग्राहक. दुसरा, त्यातले खरोखर चालू असलेले. दुसरा आकडा निघतो कसा, तर फोन सुरू झाला की जवळच्या टॉवरमार्फत त्याची नोंद एका रजिस्टरात पडते. त्याला व्हीएलआर म्हणतात, मराठीत पाहुण्यांची नोंदवही म्हणा. माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला चार राज्यांतून गोंड बांधव येतात, तेव्हा त्यांचे फोन इथल्या नोंदीत दिसतील. जत्रा पांगली की ते आपापल्या मुलखातल्या नोंदीत जातील. पण जे कार्ड घरच्या कपाटात पडून आहे ते कुठल्याच नोंदीत येणार नाही. ग्राहक म्हणून मात्र ते मोजलेलेच असते.

गेल्या काही वर्षांतले ट्रायचे तक्ते पाहिले तर निगमाच्या शंभर ग्राहकांमागे साठेकच चालू दिसतात. जिओ, एअरटेलचे नव्वदीच्या पुढे. आता बोला! निगमाचे कार्ड दुसऱ्या खाचेत, स्वस्तात जिवंत ठेवायला म्हणून घालणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे सगळा दोष विक्री खात्याच्या माथी मारता येणार नाही. तरीही फरक फार मोठा आहे.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि लोक निगमाकडे धावले. त्या एका महिन्यात २९ लाखांहून अधिक ग्राहक वाढले. ऑगस्टमध्ये २५ लाखांच्या पुढे. वर्तमानपत्रांतून मोठा गाजावाजा झाला. नोव्हेंबरात उलटी गळती लागली. स्वस्त म्हणून आलेला माणूस रेंज नसली की थांबत नाही.

इथे सत्यम कॉम्प्युटरची आठवण येते. हैदराबादच्या त्या कंपनीच्या एका संचालकाला डिसेंबर २००८ मध्ये निनावी पत्र गेले होते, हिशोब खोटे आहेत म्हणून. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच कबुली दिली. तपासात ७,५६१ खोटी बिले निघाली, सात ग्राहक कंपन्या तर अस्तित्वातच नव्हत्या. ही बिले संगणकात अशी दडवली होती की खुद्द विभागप्रमुखांनाही दिसत नव्हती. निगमाची गोष्ट तशी मुळीच नाही. इथे चोरी लपवलेली नाही, दोन्ही आकडे छापून येतात. फक्त सभेत सांगताना मोठाच सांगतात.

आणि सांगणारी खालची माणसे तरी उरली किती? ३१ जानेवारी २०२० ला सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले. निम्मे खाते रिकामे झाले. गावोगावचे लाईनमन त्यातच गेले. आता काम ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा माणूस साहेबांना उलट सांगेल कशाला?

निगमाची बाजूही ऐकली पाहिजे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत २६२ कोटींचा नफा झाला, तोही २००७ नंतर पहिल्यांदा. २७ सप्टेंबर २०२५ ला स्वदेशी फोर-जीचे सुमारे ९७,५०० टॉवर सुरू झाल्याचे पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुडा येथून जाहीर केले. हे काम खरोखर मोठे आहे. पण टॉवर उभा राहिला आणि टॉवर चालला, यात तोच जुना फरक आहे. भारतनेटमध्ये हे आपण पाहिलेच. दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ म्हणून कागदावर आल्या. सज्ज म्हणजे चालू नव्हे, हे पेटीवरची धूळ झटकणाऱ्या शिपायाला विचारा.

तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवकांनी निगमाच्या कार्यालयाला अर्ज करताना ‘आमच्याकडे ग्राहक किती’ हे विचारत बसू नये. गावच्या टॉवरवर रोज सरासरी किती फोन नोंदले जातात, गेल्या तीन महिन्यांत तो किती तास बंद होता आणि वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते, एवढे तीन आकडे लेखी मागावेत. माहिती अधिकारात ते मागता येतात. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली तर अर्जाला वजनही येते, आणि धान खरेदीच्या नोंदणीआधी हे केले तर त्याचा उपयोग याच हंगामात होईल.