स्वस्त शाफ्ट, महाग हात



ज्वारीची मळणी आली की ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट फिरू लागतो. मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात अडकला, तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. म्हणून शाफ्टवर झाकण असते. बदली शाफ्ट मात्र झाकणाविना स्वस्तात गळ्यात मारला जातो.

शिअर बोल्टची तीच गत. रोटाव्हेटरमध्ये दगड अडकला की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटणे हेच त्याचे काम! 'सारखा तुटतो' म्हटले की दुकानदार त्याच मापाचा कडक बोल्ट देतो. मग बोल्ट टिकतो, शाफ्ट नाहीतर गिअरबॉक्स फुटतो.

अपघात झाला की शेतकरी निष्काळजी ठरतो. विकणारा मोकळा कसा? झाकणाविना शाफ्ट विकू नये, यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलाच बोल्ट द्यावा, ही आपली मागणी. आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. तिच्याविना जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागणे अवघड.

झाकणाची किंमत दुकानात विचारता येते. हाताची कुठे विचारणार?