बंदूक कुणाच्या कमरेला?

परवा अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मामा, आमच्याकडे इन्कम टॅक्सवाल्यांच्या बंदुका काढून घ्यायचं विधेयक आलं होतं, माहितीये?" मी उडालोच. टॅक्सवाल्यांकडे बंदुका असतात हेच मला नवीन!

मग जरा वाचून काढलं. तिथल्या आयआरएस या करखात्यात गुन्हे तपासणारी एक शाखा आहे, १९१९ पासूनची. बंदुका असतात त्या तिच्या तपास अधिकाऱ्यांकडे. शिकागोचा गुंड अल कपोन १९३१ साली करचुकवेगिरीत अडकला, तो याच शाखेच्या तपासामुळे. २०२५ मध्ये अलाबामाचे बॅरी मूर यांनी मांडलेलं विधेयक म्हणतं, करखात्याने शस्त्रं घ्यायची नाहीत, आहेत ती विकायची आणि ही शाखा न्याय खात्याकडे द्यायची.

आपल्याकडे आयकराची धाड पडते तेव्हा अधिकारी कपाटं उघडतो आणि पोलीस दाराशी उभा असतो. १९६१ च्या आयकर कायद्याने १३२ व्या कलमात पोलिसांची मदत मागायची सोय केली. मला ही पद्धत बरी वाटते. माझं देणं किती हे ठरवणाराच पिस्तूल लावून आला, तर मी त्याच्याशी आकड्यांवरून वाद कसा घालणार? दोन खाती असली की बळ वापरण्याआधी एकाला दुसऱ्याकडे मागावं तरी लागतं.

हे भाच्याला सांगत होतो खरा, पण मनात मनमाड आलं. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. तेव्हा मीही तावातावाने म्हणालो होतो, महसूलवाल्यांना बंदुका द्या!

आज तसं वाटत नाही. टोळीपुढे एकट्याचं पिस्तूल कितीसं पुरणार? सोबत पोलीस हवे होते, आणि भेसळीचे अड्डे त्याआधीच बंद व्हायला हवे होते. हातात शस्त्र दिलं की सरकार मोकळं... आता तुमचं तुम्ही बघा! आमच्या मुळशीत मुरमाचा डंपर अडवायला जाणाऱ्या तलाठ्यालाही बंदूक नको, सोबत हवी.

आणि कागदाचं बळ काय कमी असतं? १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीकर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. तरी जमिनी गेल्या, त्या भूसंपादनाच्या कायद्याने. ज्याच्या हाती एवढा कागद आहे त्याच्या कमरेला आणखी बंदूक कशाला?

म्हणून भाच्याला म्हटलं, मूरसाहेबांचं अर्धं पटतं. शाखा दुसऱ्या खात्याकडे जाऊ दे. पण गुंडांच्या मागावर जाणाऱ्याला रिकाम्या हाताने एकटं पाठवू नका.

असो. तुम्हाला काय वाटतं?