रकाना कोण आखतं?



२०२५ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडमध्ये एका नेट सेंटरच्या दारात सकाळपासून बायांची रांग लागली होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कित्येकींचं सोयाबीन हातचं गेलेलं, मजुरीही आटलेली. अशा वेळी महिन्याच्या दीड हजार रुपयांची किंमत शहरात बसून कळणार नाही. ते पैसे बंद होऊ नयेत म्हणून ही रांग होती.

रांगेतल्या एका मावशींनी मला हाक मारली. "ताई, जरा बघा की. मशीन नवऱ्याचा नंबर मागायलंय."

मावशींचं वय पन्नाशीच्या आसपास. नवऱ्यानं टाकून चौदा वर्षं झालेली. तो पुण्याकडे दुसरं घर करून राहतो एवढंच त्यांच्या कानावर आलेलं. वडील कधीच वारले, त्यांच्या मृत्यूची नोंद कुठे केली होती की नाही हेही कुणाला आठवत नाही. दोन पोरी मावशींनी दुसऱ्यांच्या रानात खुरपून वाढवल्या, लग्नं करून दिली. आणि आता पडद्यावरचा एक रकाना त्यांना विचारत होता, पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक काय?

सेंटरवरचा मुलगा भला होता. तो म्हणाला, "मावशी, मी तरी काय करू? तो रकाना भरल्याबिगर पुढं जातच नाही." मावशी म्हणाल्या, "त्याचा नंबर असता तर मी हितं कशाला उभी राहिले असते? आधी त्यालाच जाब विचारला असता की."

रांगेतल्या बाया हसल्या. मावशीही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

प्रश्न नेमका काय आहे ते आधी समजून घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. पात्र कोण, तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला, शिवाय कुटुंबातली एक अविवाहित महिला. म्हणजे 'परित्यक्ता' हा शब्द सरकारनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. या शब्दासाठी महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीनं परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. टाकलेल्या बाईला शासनाच्या कागदावर स्वतंत्र ओळख मिळावी, ही आपली जुनी मागणी. या योजनेत ती ओळख कागदावर होती.

पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी ई-केवायसी सक्तीची करणारा आदेश निघाला. बाईनं आपला आधार क्रमांक टाकायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा, आणि मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकून त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपीही द्यायचा. मुदत दोन महिन्यांची. कारण सांगितलं गेलं ते असं की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे की नाही, हे तपासायचं आहे.

तपासणीला आपला विरोध नाही. २०२५ च्या जुलैमध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीच सांगितलं होतं की सुमारे २६ लाख ३४ हजार खाती अपात्र असल्याच्या संशयावरून थांबवली आहेत. या योजनेत चौदा हजारांहून जास्त पुरुषांनी पैसे घेतल्याचंही उघड झालं. बायांच्या नावावर पुरुषांनी पैसे खायचे, ही चोरी पकडली गेलीच पाहिजे. पण चोर पकडण्यासाठी जी चाळण लावली तिच्या जाळीत अडकली कोण? ज्या बाईच्या आयुष्यात पुरुष नाही, ती. शासन निर्णयात जी परित्यक्ता होती, ती पडद्यावर पोचेपर्यंत पुसली गेली.

ओरड झाली तेव्हा शासनानं नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असं सांगितलं. विधवा आणि घटस्फोटित बहिणींची त्यानं सोय झाली, हे मान्य केलं पाहिजे. पण आमच्या मावशींचं काय? नवरा मेलेला नाही, तेव्हा दाखला नाही. त्यानं सोडचिठ्ठीही दिली नाही, तो नुसता निघून गेला. टाकून देणाऱ्या नवऱ्यानं कधी टाकल्याचा दाखला दिला आहे का?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण संगणकाच्या विरोधात नाही. तलाठ्याच्या मागे आठवडाभर फिरून मिळणारा सातबारा आज गावात बसून काढता येतो, त्यात बाईचं नाव आहे की नाही हे तिला स्वतः बघता येतं. पैसा थेट बाईच्या खात्यात येतो, सासऱ्याच्या हातून येत नाही. ही लहान गोष्ट नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी एका आदिवासी बाईच्या हातात दिला गेला. बाईला बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाबिगर तिची स्वतःची ओळख देणारा क्रमांक, म्हणून त्याचं आपल्यातल्या अनेकींनी स्वागत केलं होतं. पंधरा वर्षांनी तोच क्रमांक पुरेसा ठरेना, सोबत पुरुषाचाही लागू लागला.

तेव्हा दोष यंत्राचा नाही. यंत्राला नवरा-बायको काही कळत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून रकाने आखले, कुणीतरी ठरवलं की हा रकाना रिकामा राहिला तर पुढे जाऊ द्यायचं नाही. त्या टेबलाभोवती टाकलेली बाई नव्हती. तिच्यासोबत काम करणारी कुणी असती तरी तिनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "आणि जिचा नवराच निघून गेलाय तिनं काय करायचं?"

माहिती तंत्रज्ञान आणि ई-प्रशासनातलं नेतृत्व यावर परिसंवाद होतात, तेव्हा सचिव, कंपन्या, सर्व्हर, वेग यांची चर्चा होते. मला वाटतं, आपल्यासारख्या देशात नेतृत्वाचा खरा प्रश्न एवढाच आहे की रकाना कोण आखतं आणि तो कुणाला विचारून आखतं.

आज या कारभारात बाया नाहीत असं नाही. उलट सगळीकडे बायाच आहेत, पण हात म्हणून. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडक्या बहिणीचे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर भरायला अंगणवाडी सेविकाच बसल्या होत्या. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं होतं. फोन निकृष्ट, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं मराठी मुलांची वजनं इंग्रजीत भरायची! हे ॲप हाती देण्याआधी एकीला तरी विचारलं होतं का?

सरपंच बायांची गोष्ट याहून बोलकी आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायांच्या. वित्त आयोगाचा निधी खर्च करायचा तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. प्रशिक्षणाला आलेल्या सरपंच बायांना मी नेहमी विचारते, "तुमचा डोंगल कुठं असतो?" कुणी म्हणते मालकांकडं, कुणी म्हणते ऑपरेटरकडं. एकीनं मला उलट विचारलं, "डोंगल म्हणजे काय हो, ताई?" पूर्वी नवरे कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचे. आता अंगठाही मागावा लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के बायांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन घरात असतो खरा, पण पोराच्या खिशात.

हे असंच चालायचं का? नाही. आणि याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या वयाच्या कार्यकर्त्यांनी तो भोगलेला नाही, आम्ही तो आयांच्या तोंडून ऐकला. घरं दुरुस्त करायचा कार्यक्रम निघाला तेव्हा सरकारी माहिती गावापर्यंत पोचेना आणि गावाचं म्हणणं सरकारपर्यंत जाईना. मग स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. अनुदान किती, हप्ता कधी, पक्कं बांधकाम कसं करायचं, हे त्या गावाला सांगत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांसमोर मांडत. त्यांच्या हातात संगणक नव्हता. पण माहिती दोन्ही बाजूंनी नेण्याचा अधिकार होता.

बाहेरही पाहा. बांगलादेशात ११ नोव्हेंबर २०१० रोजी देशभरच्या युनियन परिषदांमध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थांमध्ये, माहिती सेवा केंद्रं सुरू झाली. प्रत्येक केंद्र एक पुरुष आणि एक बाई मिळून चालवील, असा नियमच केला. नियम केला म्हणजे तो सगळीकडे टिकतो असं नाही. पण बाई टेबलाच्या अलीकडे नाही तर पलीकडे बसेल, हे निदान आधी ठरवलं. केरळात कुटुंबश्रीच्या बायांच्या गटांनी संगणकावर नोंदी करण्याची कामं घेतली, त्याचे उद्योग उभे केले.

आणि रकाने बदलता येतात, हेही आपण पाहिलं आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांसाठी ठरला. कैक वर्षं 'शक्यच नाही' म्हणून सांगितलेली गोष्ट एका निर्णयानं झाली. (त्याच निर्णयात विवाहितेच्या नावापुढे मात्र नवऱ्याचं नाव पूर्वीसारखंच राहिलं, तेव्हा काम संपलेलं नाही.)

म्हणून काही मागण्या आपण लावून धरू या. परित्यक्तेचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि त्याला महिला सभेचा ठराव, एवढा पुरावा पुरेसा मानावा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहेच, आणि कोणाला कुणी टाकलं हे गावच्या बायांइतकं कुणाला माहीत असणार? कोणाचे पैसे थांबवायचे तर मराठीत, लेखी, कारणासह कळवावं आणि दाद कुणाकडे मागायची त्याचं नावही द्यावं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अपिलाची जी वाट आहे, तशी वाट इथेही हवी. नवा अर्ज किंवा ॲप राज्यभर लादण्याआधी चार गावांतल्या विधवा, टाकलेल्या, एकट्या आणि फोन नसलेल्या बायांकडून भरून पाहावा. आणि सरपंच बाईचा डोंगल तिच्याच हातात राहील, तो वापरायला ती शिकेल, ही जबाबदारी प्रशासनाची आणि आपलीही.

'आपलीही' हे मुद्दाम लिहिते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी या कामात आले. २०२४ मध्ये आमच्या शिबिरांतून आम्ही ढिगानं अर्ज भरून दिले. किती अर्ज भरले याचा आकडा अहवालात अभिमानानं लिहिला. पुढे या बायांना कुठला रकाना अडवील, हा प्रश्न तेव्हा आम्ही विचारला नाही. आम्हीही हातच झालो होतो.

मुरुडच्या मावशींचा अर्ज आम्ही साध्या कागदावर लिहिला. गावातल्या अकरा जणींनी त्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या, तिघींनी अंगठे दिले. अंगणवाडी सेविकेनं तो घेऊन पोच दिली. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. मावशी ती पोच पातळाच्या गाठीत बांधून ठेवतात आणि भेटल्या की मला काढून दाखवतात.

तुमच्या गावात कुठला रकाना कुणाला अडवून बसला आहे, ते आम्हाला कळवा. नावं छापणार नाही. पण हे सगळे रकाने एकत्र करून, पुढच्या अंकाच्या आत, आपल्याला मुंबईला न्यायचे आहेत.